सूर कोठे चढवावा?

मराठी शिकविणाऱ्याने इंग्रजी बोलण्याविषयी चार शब्द लिहावेत, हे काही वाचकांना 'आपले ठेवावे झाकून' ह्या जातीचे वाटेल. पण इंग्रजीच्या व्याकरणाची वा स्पेलिंगांची उठाठेव मला करावयाची नाही. ती करण्यास आमचे इंग्रजीचे सहकारी समर्थ आहेत. मला बोलावयाचे आहे ते सुराविषयी. सुराचे असे आहे की, तो पुस्तकात छापता येत नाही. तो आपण आईच्या मांडीवर शिकतो, आणि पुढे परकी भाषा बोलू लागलो तरी तो न बोलावता आपल्याबरोबर येतो. मराठी माणसाचे इंग्रजी कोठे अडते हे पाहावयाचे असेल, तर त्याची मराठी कोठे चढते नि कोठे उतरते हे आधी पाहिले पाहिजे. आणि ते काम मराठीच्या शिक्षकाकडेच येते.

एका शब्दाचे चार अर्थ

नागपुरात कोणत्याही नाक्यावर पाच मिनिटे उभे राहा. सवारी गोळा करणारा ऑटोवाला "बर्डी, बर्डी, बर्डी!" अशी हाळी देत असतो. बर्डी म्हणजे आमची सीताबर्डी. एखादी बाई पिशवी सावरीत जवळ येते आणि विचारते, "बर्डी?" तो मान हलवून म्हणतो, "बर्डी." ती बसते. तेवढ्यात आत बसलेला एक म्हातारा दचकून म्हणतो, "बर्डी?" त्याला जायचे असते इतवारीला! शब्द एकच. त्याला ना प्रत्यय लागला, ना क्रियापद जोडले गेले. तरी हाळी, प्रश्न, उत्तर आणि घाबरगुंडी असे चार व्यवहार त्या एका शब्दाने पार पाडले. ते पाडले सुराने.

हीच गोष्ट आपल्या 'हो'ची, 'बरं'ची आणि 'अच्छा'ची. आई "बरं" म्हणते तेव्हा परवानगी मिळाली की मिळाली नाही, हे चार वर्षांच्या पोरालाही कळते. आणि ते त्याला कोणी शिकविलेले नसते.

सूर चढतो म्हणजे काय होते? घशातील स्वरतंतू ताणले जातात आणि अधिक वेगाने कंप पावतात. साधारण बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीचे दोनशेच्या आसपास कंप पावतात. हा आकडा वाक्याच्या शेवटी वर गेला की चढता सूर, खाली आला की उतरता. एवढेच यंत्र, पण जगातील निम्मी भांडणे त्यावर चालतात.

आपल्या पूर्वजांना ह्याची जाण फार लवकर आली होती. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे भेद पाणिनीने नोंदविले. दुरून हाक मारताना शेवटचा स्वर लांबतो, प्रश्नाच्या अखेरीस तो लांबतो, असे बारकावेही त्याच्या अष्टाध्यायीत आहेत. आणि स्वर चुकल्याने काय अनर्थ होतो त्याची गोष्ट तर वैयाकरण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. इंद्राचा वध करणारा पुत्र मिळावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. मंत्रात 'इंद्रशत्रु' हा शब्द होता. त्यातला आघात शेवटी द्यावयाचा, तो आरंभी दिला गेला. 'इंद्राचा काळ' असे म्हणावयाचे होते, ते 'इंद्र ज्याचा काळ' असे झाले. आणि इंद्राऐवजी वृत्र मारला गेला. अक्षर एकही बदलले नव्हते!

मात्र ही जाण लिपीत उतरली नाही. आपल्या पोथ्यांत दंड होते, प्रश्नचिन्ह नव्हते. ते आपण गेल्या शतकाआधीच्या शतकात इंग्रजीकडून घेतले, आणि मराठीत विरामचिन्हे रुजविण्याचे बरेचसे श्रेय मेजर थॉमस कँडी ह्या इंग्रज गृहस्थाकडे जाते. गंमत अशी की, प्रश्नचिन्ह आपण घेतले. पण इंग्रज ते वाचताना सूर कोठे चढवितो नि कोठे उतरवितो, ते मात्र कोणी आपल्याला सांगितले नाही.

त्या मुलीचे काय चुकले?

हे सारे मला आठवण्याचे कारण आमच्या महाविद्यालयातून बी. ए. झालेली एक विद्यार्थिनी. शांत, अदबीने वागणारी, घरात वडीलधाऱ्यांपुढे आवाज न चढविणारी मुलगी. एका कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर बसण्याची जागा होती, तिच्या मुलाखतीस ती गेली. इंग्रजीचा तिने कसून अभ्यास केला होता. मुलाखतीत तिला सांगण्यात आले की, समोर ग्राहक आहे असे समजून त्याची माहिती विचारा. तिने विचारली. निकाल असा मिळाला : "तुमचे इंग्रजी शुद्ध आहे, पण बोलणे उर्मट आहे."

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. जागा गेली ह्याचे तिला तितके दुःख नव्हते. "सर, मला आजवर कोणी उर्मट म्हटलं नाही," एवढेच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

मी तिला तेच प्रश्न माझ्यासमोर म्हणावयास सांगितले. "युवर नेम. युवर फोन नंबर. एनी कम्प्लेंट." प्रत्येक प्रश्नाचा शेवट जिना उतरावा तसा खाली येत होता. कानांना तो प्रश्न वाटेना. फौजदारापुढे उभे असल्यासारखे वाटे. पण हेच तिने मराठीत म्हटले असते तर? "आपलं नाव. फोन नंबर सांगता. काही तक्रार." सूर तोच, उतरता, आणि तरीही कोणाला त्यात उर्मटपणा वाटला नसता.

असे का? माझ्या मते ह्याचे उत्तर मराठीच्या घडणीत आहे. आपण आदर ठेवतो तो सर्वनामात, क्रियापदाच्या शेपटात आणि नात्याच्या शब्दात. 'तू', 'तुम्ही', 'आपण' ह्या तीन पायऱ्या आपल्याजवळ आहेत. 'सांग' आणि 'सांगता' ह्यांत अंतर आहे. शिवाय दादा, ताई, काका, मावशी आहेतच. 'जरा' आहे, 'हं' आहे, आणि नागपुरात तर प्रत्येक वाक्यामागे 'जी' लावावयास कोणाची हरकत नसते. एवढा सरंजाम असल्यावर सुराने आणखी नम्रता दाखविण्याची गरज उरत नाही. इंग्रजाजवळ राजालाही 'यू' नि हमालालाही 'यू'. मग त्याने आपली अदब ठेवावयाची कोठे? थोडी 'प्लीज'मध्ये आणि बरीचशी सुरात. मराठी माणूस इंग्रजी बोलू लागला की, 'आपण' आणि 'ताई' मागे राहतात, आणि इंग्रजाचा सूरही त्याने उचललेला नसतो. दोन्हीकडची अदब गळून पडते, आणि अत्यंत सज्जन मनुष्य दरडावल्यासारखा ऐकू येतो.

विमानतळावरची ग्रेव्ही

हे केवळ माझे तर्कट नव्हे. ह्याचा एक फार बोलका दाखला भाषाशास्त्रात नमूद आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात जॉन गम्पर्झ नावाचे अभ्यासक होते. महाराष्ट्राला ते अगदीच परके नव्हेत. सांगलीजवळच्या कुपवाड गावी मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे लोक शतकानुशतके शेजारी राहिल्यामुळे त्यांच्या भाषांची वाक्यरचना कशी एकसारखी झाली आहे, ह्यावर त्यांनी व रॉबर्ट विल्सन ह्यांनी १९७१ साली लिहिलेला निबंध आजही अभ्यासिला जातो.

ह्याच गम्पर्झ ह्यांच्या १९८२ सालच्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' ह्या पुस्तकात ही हकीकत आहे. १९७०नंतरच्या दशकातली गोष्ट. इंग्लंडमधील एका मोठ्या विमानतळावर नोकरांसाठी उपाहारगृह होते. तेथे वाढण्याच्या कामावर काही भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया नव्याने लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्याविषयी कुरबूर सुरू झाली : बायका घुम्या आहेत, फटकळ आहेत, सहकार्य करीत नाहीत. बायकांचेही म्हणणे होते की, आम्हांला हे लोक मुद्दाम पाण्यात पाहतात. वास्तविक दिवसाकाठी त्यांच्या तोंडून निघणारे शब्द मोजकेच होते. ताटात मांस घेतलेल्या माणसाला वर रस्सा हवा का, हे विचारावयाचे असे. इंग्रज बाई म्हणे, "ग्रेव्ही?" आणि सूर वर नेई. आपल्याकडील बाई म्हणे, "ग्रेव्ही." आणि सूर खाली आणी.

ह्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून ते दोन्ही बाजूंना ऐकविण्यात आले. प्रथम आपल्या बायका म्हणाल्या, दोन्हींत फरक काय? शब्द तर तोच आहे! तेव्हा इंग्रजीच्या शिक्षिकेने आणि उपाहारगृहाच्या पर्यवेक्षिकेने खुलासा केला की, इंग्रजाच्या कानाला पहिला उच्चार 'रस्सा वाढू का?' असा लागतो. दुसरा 'हा रस्सा आहे, घ्यायचा तर घ्या' असा लागतो. उलट त्या पर्यवेक्षिकेलाही त्या दिवशी समजले की, ह्या बायकांच्या भाषेत अशा वेळी विचारण्याची रीतच ती आहे. त्यात तिरस्कार नाही. पुढे दोन्ही बाजूंची मने हळूहळू निवळली. एका शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर इतक्या माणसांची मने आणि नोकऱ्या टांगलेल्या होत्या!

आग्रहाचा सूर

ह्या हकीकतीला मला माझी एक पुरवणी जोडावीशी वाटते. आपल्या घरी पंगतीत वाढणारी गृहिणी पाहुण्याला काय म्हणते? "घ्या. आणखी एक घ्या." सूर उतरता, जवळजवळ आज्ञेचा. ती "घेणार का?" असे चढत्या सुरात विचारू लागली, तर पाहुणा ओळखतो की पातेल्यात फारसे उरलेले नाही! पाहुण्याचे पहिले "नको" हे नुसते शिष्टाचाराचे असते, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून आपला पाहुणचार प्रश्न विचारीत नाही. तो वाढून मोकळा होतो. उतरत्या सुरात आपल्याकडे आपलेपणा असतो.

इंग्रजाचे उलट आहे. दुसऱ्याच्या इच्छेवर अतिक्रमण करू नये, त्याला 'नाही' म्हणावयास जागा ठेवावी, हा त्याचा शिष्टाचार. आणि ती जागा तो चढत्या सुराने ठेवतो. ह्यापायी परदेशी गेलेली आपली मंडळी पहिल्या मेजवानीत उपाशी राहतात. "सम मोअर?" असे यजमानीण विचारते, आपला मनुष्य संकोचाने "नो" म्हणतो आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसतो. तो आग्रह येतच नाही. त्याने 'नो' म्हटले, तिने ते खरे मानले. दोघेही सभ्य आणि एकाचे पोट रिकामे.

मग चढता सूर प्रश्नाचा, ही समजूत आली कोठून? बर्कलेच्याच जॉन ओहाला ह्या ध्वनिशास्त्रज्ञाने १९८४ साली एक मार्मिक उपपत्ती मांडली. लहान प्राण्याचा आवाज बारीक नि उंच, मोठ्याचा जाड नि खोल. शरण जाणारे कुत्रे केकाटते, धमकावणारे गुरगुरते. विचारणारा मनुष्य त्या क्षणी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो, म्हणून त्याचा स्वर नकळत वर जातो. सांगणाऱ्याला ठाम राहावयाचे असते, म्हणून तो खाली येतो. निसर्गाने दिलेल्या ह्या कच्च्या मालातून प्रत्येक भाषा आपापली रीत घडविते.

नियम सात, सवय एक

आता इंग्रजीची रीत पाहू. वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. मनातल्या मनात वाचून सूर येत नाही.

पहिली गोष्ट. ज्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे असते, तेथे शेवट चढवावा : "आर यू रेडी?" "इज धिस सीट टेकन?" मराठीत हे ओझे 'का' उचलतो. इंग्रजीत 'का' नाही, हे ध्यानात ठेवले की पुरे.

दुसरी गोष्ट, आणि बहुतेकांचा पाय येथे घसरतो. व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हाऊ ह्यांनी सुरू होणारे साधे प्रश्न शेवटी उतरतात. "व्हेअर डू यू लिव्ह?" ह्यात प्रश्नाचे काम पहिल्या शब्दानेच केलेले असते. आपण प्रश्नचिन्ह दिसले की सूर वर नेतो. त्याने बिघडते असे नाही; पण अर्थाची छटा बदलते. चढविलेला 'व्हेअर डू यू लिव्ह' हा लहान मुलाशी वा आजाऱ्याशी प्रेमाने बोलण्याचा सूर आहे, किंवा "काय म्हणालात, कोठे राहता?" असे पुन्हा विचारण्याचा.

तिसरी गोष्ट निवडीची. "टी ऑर कॉफी?" ह्यात 'टी' चढवून 'कॉफी' उतरविली, तर दोहोंपैकी एक घ्या, असा अर्थ. दोन्ही चढविली तर चहा, कॉफी किंवा तसलेच काही हवे का, असा. यादी सांगतानाही प्रत्येक वस्तूवर चढ आणि शेवटच्या वस्तूवर उतार. फोनचा नंबर सांगताना हे फार उपयोगी पडते. मधेच सूर उतरला की, ऐकणारा नंबर संपला असे समजून लेखणी खाली ठेवतो.

चौथी गोष्ट शेपटाची. "यू आर फ्रॉम नागपूर, आरन्ट यू?" शेपूट चढले तर खरोखरच विचारले, उतरले तर नुसता होकार मागितला. हे आपल्याला कठीण जाऊ नये, कारण आपला 'ना' हुबेहूब असाच आहे. "तुम्ही नागपूरचे ना?" हे दोन सुरांत म्हणून पाहा.

पाचवी गोष्ट 'सॉरी'ची. चढता 'सॉरी' म्हणजे 'काय म्हणालात?' उतरता 'सॉरी' म्हणजे 'क्षमा करा'. ऐकू न आल्यावर उतरता 'सॉरी' म्हणून गप्प राहिल्यास समोरचा मनुष्य आपल्याला क्षमा करून निघून जातो!

सहावी गोष्ट विनंतीची. "कुड यू ओपन द विंडो?" हे चढत्या शेवटाने म्हटले तर विनंती, उतरत्याने म्हटले तर शब्द गोड असूनही हुकूम.

सातवी गोष्ट आपल्याला आयतीच येते. वाक्य अपुरे असताना मधल्या विरामावर सूर वर ठेवावा : "व्हेन आय रीच होम..." आपणही "घरी गेलो की..." म्हणताना तेच करतो.

ह्या सातांना बांधणारी सवय एकच : वाक्य संपविताना 'मी सांगतो आहे, की समोरच्यासाठी दार उघडे ठेवतो आहे?' असे स्वतःला विचारावे. सांगत असाल तर उतरा. दार उघडे ठेवायचे असेल तर चढा.

अर्थात सूर म्हणजे सर्वस्व नव्हे. भारतीयांचे इंग्रजी परक्याला कितपत कळते, ह्याचा कसून अभ्यास हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल ह्यांनी केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. शब्दातील चुकीच्या अक्षरावर पडणारा आघात आणि वाक्याची लय ही त्यांना मोठी अडचण आढळली. तेव्हा सुराबरोबर आघातही सांभाळावा.

चढ किती?

औषध चांगले म्हणून बाटलीभर पिऊ नये. हल्ली तरुण मंडळींत साध्या विधानाचाही शेवट वर नेण्याची लकब ऐकू येते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅलिफोर्निया ह्या मुलखांत ती बरीच वर्षे रूढ आहे आणि चित्रपटांतून, संगणकाच्या पडद्यावरून ती आपल्या घरात आली आहे. रॉबिन लॅकॉफ ह्या अमेरिकन विदुषीने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात अशा उत्तरांकडे लक्ष वेधले होते. जेवण कधी, असे विचारल्यावर वेळ ठाऊक असलेली गृहिणीही 'सहा वाजता?' असे चढत्या सुरात उत्तर देते, जणू तिला दुसऱ्याची संमती हवी आहे. मैत्रीच्या गप्पांत ह्याने काही बिघडत नाही. पण मुलाखतीत स्वतःचे नावच चढत्या सुरात सांगितले, तर ऐकणाऱ्याला वाटावयाचे की, ह्याला आपल्या नावाचीही खात्री नाही! नाव, शिक्षण, अनुभव हे उतरत्या, ठाम सुरात. प्रश्न आणि विनंती चढत्या सुरात.

लाज कशाची?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आपला सूर वेगळा म्हणजे हलका, असे मुळीच नाही. आम्हां नागपूरकरांना ह्याचा अनुभव मराठीतच येतो. "काय करून राहिला बे?" असे आम्ही प्रेमाने विचारतो आणि पुण्याच्या पाहुण्याच्या कपाळावर आठी पडते. नागपूर ही १९५६पर्यंत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होती. ते दोन्ही पाणी आमच्या बोलीत मिसळले आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. इंग्रजांतही सर्वांचा सूर एक कोठे आहे? ग्लासगो आणि बेलफास्टकडील माणसे साध्या विधानाचा शेवटही वर नेतात आणि लंडनकरांना ते विचित्र वाटते. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील, म्हणजे आपल्या पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'तील प्राध्यापकाने मुलीची भाषा बदलली. पण ती बदलून झाल्यावर मुलीने जावे कोठे, ह्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. भाषा शिकवावी ती माणूस पुसून टाकण्यासाठी नव्हे. त्याच्या मनात असलेले समोरच्यापर्यंत पोहोचावे म्हणून.

त्या विद्यार्थिनीलाही मी एवढेच सांगितले. तिला इंग्रज व्हावयाचे नव्हते. तिच्या स्वभावात असलेली अदब इंग्रजीतही ऐकू यावी, एवढेच हवे होते. आठ-दहा दिवस ती रोज अर्धा तास मोठ्याने प्रश्न विचारण्याचा सराव करीत होती. आज ती एका रुग्णालयाच्या चौकशी-खिडकीवर आहे. मराठीत 'काका' म्हणते, हिंदीत 'जी' म्हणते, आणि इंग्रजीत सूर वर नेते. तिन्ही ठिकाणी तीच मुलगी बोलत असते.

वाचकहो, दिवाळीत घरी पाहुणे येतील, परदेशची नातवंडे फोनवर भेटतील. नातवाने "आजी, यू ओके?" असे सूर चढवून विचारले, तर तो आपली चौकशी करतो आहे असे समजा. आणि कोणाच्या पानात चकली वाढायची असेल, तेव्हा मात्र इंग्रजीचे सातही नियम बाजूला ठेवा. सूर खाली आणा आणि म्हणा, "घ्या."